साळूबाईच्या मयतीची खबर

मोर्चा बुडाला तर हैबतराव पाटलाच्या पदरात काय काय पडणार होतं, याचा हिशेब खुद्द हैबतरावापेक्षा रंभाबाईला जास्त नेमका ठाऊक होता. हैबतरावाला वाटायचं, आपल्या घरचं सगळं आपोआप होतं. परसात फोडलेली लाकडं रचून असतात. पौडाहून कचेरीचा माणूस आला की त्याचं घोडं धरायला कुणीतरी उभं असतं. नांद्याला लेकीच्या सासरी निरोप जातो आणि उत्तर घेऊन परत येतो. रात्री वेशीवर कुणीतरी खाकरत असतं, म्हणून पाटलाला झोप लागते. हे ‘कुणीतरी’ म्हणजे बोरवड्याचा महारवाडा, पाळीपाळीनं. आणि त्या साली पाळी होती रंभाबाईच्या नवऱ्याची, कुशाबा येसकराची. बदल्यात मिळायच्या शिळ्या भाकरी, खळ्यावरची तळाची रास आणि ओढ्याकाठचा एक खडकाळ तुकडा. त्या तुकड्याला वतनाची जमीन म्हणायचे. दगडांचं पीक मात्र तिथं दरसाल भरघोस यायचं.

हे वतन मोडायचा कायदा व्हावा म्हणून भाद्रपदात पुण्याच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा जायचा होता. सत्तावन्न सालची गोष्ट. आदल्या दसऱ्याला लोकांनी नागपूरला धम्म घेतलेला, बोरवड्याच्या महारवाड्यानं त्या दिवसापासून मेलेली ढोरं ओढणं बंद केलेलं, आणि गावानं त्याचा राग पिठाच्या गिरणीपासून पाणवठ्यापर्यंत काढलेला. कायदा झाला तर हैबतरावाला लाकडं फोडायला गडी लावावा लागला असता. तेवढं त्याला झेपलं असतं. पण पगारी गडी ‘उद्या येतो’ म्हणू शकतो. ते त्याला झेपलं नसतं.

शिवाय त्यानं आमदारांना शब्द दिला होता. खोऱ्यातली मतं गोळा करून दिली तेव्हाच सांगून ठेवलेलं, “आमच्याकडच्या महारांना वतन हवंय साहेब. पुण्याची टोळकी उगीच पेटवतात.” आमदार खूश राहिले तर सोसायटीचं चेअरमनपद कुठं जात नव्हतं. एका मोर्च्याच्या बुडण्यात एवढी कमाई होती.

आणि मोर्चा निघाला तर रंभाबाईला मिळणार होता तिचा पोरगा.

देवू खडकीच्या कारखान्यात लागून वर्ष झालं होतं. इकडे कुशाबाच्या उजव्या टाचेला भेग पडून ती पिकलेली, पाय सुजून भोपळ्यासारखा. पोळ्याच्या दिवशी हैबतरावानं कुशाबाला वाड्यासमोर उभं करून सांगितलं, “कुशा, पाळी मानसाची नसती, घराची असती. तुझा पाय चालंना तर पोराला बोलाव. दिवाळीला काठी त्याच्या हातात दिसली पायजे. न्हाईतर पौडाला कळवतो, कामात कसूर म्हनून.”

कुशाबा “जी” म्हणून घरी आला.

“जी म्हनलासा?” रंभाबाईनं विचारलं.

“मंग काय म्हनू?”

“पोरगं यंत्रावर हाय. म्हैन्याचा पगार घेतंय. त्याला हितं आनून पाटलाच्या घोड्याम्होरं पळवायचं?”

“अगं वतन हाय ते. बावन्न हक्क हायेत आपले. बेदरच्या बाच्छायनं दिलेले.”

“त्या बाच्छायला सांगा, टाचंला मलम बी धाड म्हनावं.”

कुशाबा हसला. हाच त्याचा गुण आणि हाच अवगुण. त्याचा बाप येसकर, आजा येसकर. घुंगरू लावलेली ती काठी तो घरात देवाच्या जागेला टेकवून ठेवायचा. देव मागच्या दसऱ्याला गेले, काठी तिथंच राहिली. रंभाबाईला पाटलाचा राग यायचा तो जेवल्यासारखा वेळच्या वेळी. नवऱ्याचा राग मात्र दिवसभर चुलीतल्या निखाऱ्यासारखा असायचा.

मोर्चाचं बोलणं करायला भिवाजी नावाचा कार्यकर्ता पुण्याहून आला. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. पिरंगुटच्या महारवाड्यात बैठक बसली. भिवाजी म्हणाला, “नुसते अर्ज देऊन उपयोग नाही. अर्ज बासनात जातात. आमदारांनी खिडकीतून बघितलं की रस्ता दिसता कामा नये, इतकी माणसं पाहिजेत. पण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांना कळवायचं कसं? पत्रकं छापायला पैसा नाही, आणि छापली तरी वाचणार कोण?”

रंभाबाई बायकांत, दाराशी बसली होती. ती म्हणाली, “दादा, सरकारचं टपाल कोन नेतं?”

“येसकर.”

“पाटलाचा सांगावा?”

“येसकरच.”

“मंग आपलाच सांगावा न्ह्यायला काय पाय दुखत्यात? आज बोरवड्याचा येसकर पौडाला जातुया, पौडाचा मुळशीला, मुळशीचा वर घाटात. टपालाबरुबर तोंडानं येवढंबी सांगायचं, सोमवारी कौन्सिल हॉल, भाकरी आपापली.”

तिच्या शेजारची तानुबाई, दूरची जाऊ, फिस्सकन हसली. “म्हंजी सरकारच्याच पायांनी सरकारवर मोर्चा!”

भिवाजीनं हे बोलणं पुढच्या प्रत्येक बैठकीत सांगितलं. आपणच सुचवल्यासारखं सांगितलं, पण सांगितलं. एका गोष्टीचा मात्र त्यानं हट्ट धरला. कायदा होईपर्यंत कुणी नेमलेलं सरकारी काम टाळायचं नाही, मामलेदाराच्या हातात कोलीत द्यायचं नाही. आठवड्याभरात घाटमाथ्यापासून लवळ्यापर्यंत निरोप फिरला. कशाचीच लपवालपवी नव्हती, त्यामुळे तो हैबतरावाच्या कानावरही गेला. हैबतराव काही बोलला नाही. रंभाबाईला हेच खटकलं. बोलणाऱ्या पाटलाला ती ओळखून होती. गप्प पाटील तिनं पहिल्यांदाच बघितला.

मोर्चाच्या आदल्या दिवशी, रविवारी उजाडता उजाडता, महारवाड्याच्या तोंडाशी हाक आली. पाटलाचा मोठा गडी लांब उभा राहून ओरडत होता, “आरं कुशाबा! म्हातारी गेली रं! साळूबाई गेली! सोयऱ्याधायऱ्यांना खबर द्यायची हाय, समदे गडी चला!”

साळूबाई म्हणजे हैबतरावाची थोरली चुलती, विधवा. तिचं माहेर लवळ्याचं, बहीण नांद्यात दिलेली, लेकी आणि नाती खोऱ्याच्या टोकापर्यंत पांगलेल्या. पाटलाची चुलती मेली म्हणजे आख्ख्या तालुक्याला सुतक. आणि मयतीची खबर नेणं हे महाराचं काम, पिढ्यान्‌पिढ्यांचं. एकेका दिशेला दोन दोन गडी निघणार. ज्या गावी खबर पोचणार तिथले पाटील आपल्या येसकरांना पुढच्या सोयऱ्यांकडे पिटाळणार. तिथून ते आणखी पुढे. रंभाबाईनं जी वाट मोर्चासाठी वापरली होती त्याच वाटेनं आता मयत धावणार होती. दुपारपर्यंत खोऱ्यातला एकूण एक कर्ता महार पुण्याकडं पाठ करून चालत असणार, आणि सोमवारच्या आत त्यातला एकही माघारी येणार नव्हता.

“आजच बरी मेली,” तानुबाई म्हणाली.

रंभाबाई कुशाबापुढं उभी राहिली. “तुमी नका जाऊ. पाय बगा पाय.”

“लवळ्याची खबर आपल्या घराकडं असती. बा बी तिकडंच जायचा.”

“आन उंद्याचा मोर्चा?”

“मोर्चा परत काढता येतुया. मानूस मेल्यालं किती दिस ठिवायचं?”

“आवं, हे सरकारी काम न्हाई! भिवाजीदादानं सरकारी काम सांगितलंय.”

“सरकारी नसंल. मानसाचं तर हाय,” कुशाबा म्हणाला आणि टाचेला फडकं गुंडाळून, काठी घेऊन निघाला. त्याच्यामागं महारवाड्यातले सगळे गडी निघाले. कुणी कुरकुरलं, कुणी पाटलाच्या चुलतीला शिवी दिली, पण मागं कुणी राहिलं नाही. मेलेल्या माणसाला पाठ दाखवायची त्यांना सवयच नव्हती. हैबतरावानं आपला धाक नाही, त्यांचा हा चांगुलपणा मोजून ठेवला होता.

गडी गेले आणि महारवाड्यात बायका, पोरं, कोंबड्या राहिल्या. रंभाबाई दारात बसून धुमसत होती. मग एकाएकी म्हणाली, “तानू, सरण कुनी मागितलं?”

“काय?”

“सरनाची लाकडं. पाटलाच्या घरात मयत झाली की आधी लाकडं मागत्यात, मंग खबर धाडत्यात. गड्यानं लाकडाचं नाव काढलं का?”

तानुबाईनं आठवून बघितलं. नव्हतं काढलं. “इसरला आसंल.”

“मुडदा इसरतो का कुनी?”

दोघींनी डोक्यावर एकेक मोळी घेतली आणि पाटलाच्या परसाकडं गेल्या. रडण्याचा आवाज नव्हता. दारात गोवऱ्यांचा विस्तव नव्हता. परसातल्या पडवीत साळूबाई पाय पसरून घेवडा सोलत बसली होती.

रंभाबाईच्या डोक्यावरची मोळी धाडकन खाली आली.

“कुनाला गं लाकडं?” साळूबाईनं विचारलं.

“तुमाला.”

“मला? माझी चूल चिमनीएवढी. येवढी लाकडं कशाला?”

“चुलीची न्हाईत थोरल्या बाई. तुमी मेलाय. आमचे गडी चाळीस गावांत सांगत फिरत्यात.”

साळूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती उठली. एवढ्या वयाची बाई, पण उठली ती एकदम. “हैबत्या! आरं ए हैबत्या, भायेर ये!”

हैबतराव बाहेर आला. रंभाबाईला बघून त्याचा चेहरा क्षणभर बावचळला, मग लगेच पाटलाचा झाला. “काय न्हाई काकी. रात्री तुमाला धाप लागलीती. डोळं फिरवलं तुमी. पोरानं घाई केली, खबर गेली.”

“धाप मला धा वर्सं हाय! सकाळी दोन भाकरी खाल्ल्या म्या तुझ्यासमोर!”

“आता गेली ती गेली. सोयरं आलं तर भेट हुईल तेवढीच.”

“पाटील,” रंभाबाई म्हणाली. आवाज खाली होता, आणि तानुबाई तिच्यापासून एक पाऊल लांब सरकली. “मोर्चा बुडवायला जित्या बाईला मारलंसा?”

“मोर्चा?” हैबतराव हसला. “कसला मोर्चा? म्या कुनाला अडवलं का? गडी आपल्या धर्मानं गेलं. तुजा नवरा तर लंगडत गेला. त्याला म्या काय बांधून धाडला?”

हे बोलणं खोटं असतं तर रंभाबाईला सोपं गेलं असतं. ते खरं होतं. ती वळली आणि पळत सुटली.

नदीच्या उताराशी ती पोचली तेव्हा कुशाबा पलीकडच्या काठावर चढत होता. भाद्रपदातलं लाल पाणी मांडीपर्यंत होतं, त्याच्या टाचेचं फडकं वाहून गेलेलं. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी दिली, “आवं! फिरा माघारी! म्हातारी जिती हाय! घेवडा सोलतीया!”

तो थांबला. वळून बघितलं. त्याला ऐकू गेलं होतं, हे तिला दिसलं. तो काठी टेकून उभा राहिला, जरा वेळ. मग त्यानं हात हलवून नाही म्हटलं आणि लवळ्याची वाट धरली.

मयतीची खबर घेऊन निघालेला येसकर वाटेत पाणी पीत नाही, कुणाला रामराम करत नाही आणि खबर पोचवल्याशिवाय मागं फिरत नाही. फिरला तर ती मयत त्याच्याच घरी जाते, असं कुशाबाच्या बापानं त्याला शिकवलं होतं. आणि घरी होती रंभाबाई. तिच्यासाठीच तो गुळगुळीत दगडांवरून सुजलेला पाय ओढत, खोटी आहे हे माहीत असलेली खबर घेऊन चालला होता.

हे तिला कळलं. म्हणून तर तिला त्याचा आणखीनच संताप आला. तिनं काठावरचा एक दगड उचलून पाण्यात फेकला. नेम कुणावर होता ते तिलाही सांगता आलं नसतं.

परत आल्यावर तिनं तानुबाईला विचारलं, “बायकांना कुनी कदी खबर न्ह्यायला धाडलं का गं?”

“आपल्याला? आपल्या तोंडून आयकल्याली मयत बी कुनाला खरी वाटायची न्हाई.”

“मंग आपुन हितं कशाला बसलोय?”

हैबतरावाच्या हिशेबात बायका धरलेल्याच नव्हत्या. खरं सांगायचं तर भिवाजीच्या हिशेबातही नव्हत्या; त्यानं माणसं मागितली होती म्हणजे पुरुषच. रंभाबाईनं भाकरी बांधल्या, महारवाड्यातल्या बायका गोळा केल्या आणि दुपारी पुण्याची वाट धरली. प्रत्येक गावात खबर त्यांच्या आधी पोचलेली, गडी निघून गेलेले. पिरंगुटला एक म्हातारी म्हणाली, “आमचं मालक घोटवड्याला गेलं, पाटलीनबाईच्या मयतीचं सांगायला.”

“पाटलीनबाई घेवडा सोलतीया. चल.”

“आन पोरं?”

“घे काखंत. पोरांनाच तर पुढं काठी धरायची हाय.”

भुकुमला बायका वाढल्या, भूगावला आणखी. कुणी मिरच्या खुडताखुडता निघाली, कुणी सासूला घेऊन निघाली, एकीनं शेळी आणली कारण मागं बघायला कुणी नव्हतं. प्रत्येक गावात तीच गोष्ट नव्यानं सांगावी लागे, आणि प्रत्येक वेळी ऐकणारी आधी हसे. मग आपला नवरा कुठल्या चढणीवर असेल ते तिच्या ध्यानात येई, आणि हसणं थांबे. रात्री कोथरूडच्या महारवाड्यात पाठ टेकली. सोमवारी सकाळी कौन्सिल हॉलच्या लोखंडी फाटकापुढं लुगड्यांचा असा लोंढा लागला की पोलीस हातातल्या काठ्या कुठं ठेवाव्यात ते विसरले.

भिवाजी पुणे-खडकीकडची थोडी माणसं घेऊन आधीच उभा होता. त्यानं रंभाबाईला बघितलं आणि कपाळाला हात लावला. “बाई, हे काय? मुळशीची माणसं कुठं आहेत?”

“ही काय जनावरं हायेत?”

“तसं नाही हो... कर्ती माणसं. पुरुष मंडळी.”

“कर्तीच आनल्यात दादा. भाकरी कोन करतं तुमच्या घरी?”

दुपारी आमदार बाहेर आले. बाहेर येण्यात त्यांनाही फायदा होता, कारण फाटकाशी वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता. सोबत इतर तालुक्यांचे तीन-चार सदस्य, डोक्यावर छत्र्या. आमदार पायरीवर थांबून म्हणाले, “भगिनींनो, तुम्ही इतक्या लांबून आलात. पण मला जरा समजून घेऊ द्या. तुमच्या भागातले प्रतिष्ठित लोक तर सांगतात की तुमच्या समाजाला वतन हवंच आहे. वतन गेलं तर जमीन जाईल, बलुतं जाईल. याचा विचार घरच्या पुरुषांनी केलाय का? ते आले का नाहीत?”

भिवाजी उत्तर द्यायला पुढं झाला. रंभाबाईनं त्याला कोपरानं बाजूला केलं.

“गडी मयतीला गेलेत साहेब.”

“अरेरे. कोण वारलं?”

“कुनीच न्हाई.”

सदस्यांपैकी एक जण हसला. रंभाबाईनं त्याच्याकडं बघितलं, तसं त्याचं हसू छत्रीत गेलं.

“तुमाला ज्यानं सांगितलं ना, आमाला वतन पायजे, त्याच प्रतिष्ठित मानसानं काल आपल्या जित्या चुलतीची मयत उठवली. का, तर आमच्या गड्यांनी हितं यिऊ न्हाई. आन आमचं गडी गेलं. खोटं हाय, ह्ये कळल्यावर बी गेलं. माझा मालक पिकल्याल्या टाचंनं नदी उतरून गेला. ह्ये वतन हाय साहेब. त्यो हुकूम न्हवता, पगार न्हवता, कागूद न्हवता. नुसती हाक आली आन खोरंच्या खोरं रिकामं झालं.”

“मी तुमच्या भावना समजू...”

“थांबा. जमीन जाईल म्हनता ना? तुमीच घ्या की वतन! जमिनीसकट घ्या. दगूड मोजून देते. रोज शिळी भाकर मिळंल, वाढनारीन वरनं टाकंल, तुमी पदर पसरायचा. साहेबाचं घोडं आलं की म्होरं पळायचं. तुमचं पोरगं साळंत शिकल्यालं आसंल, त्याला बी बोलवा, पाळी घराची असती. बोला, घेता? तुमच्यातलं कोन घेतंय?”

शेवटचा प्रश्न तिनं छत्र्यांना विचारला. मागून तानुबाई ओरडली, “घ्या की वो! बावन्न हक्क हायेत, एक बी कमी न्हाई!” बायका हसल्या. ते हसणं फाटकापासून रस्त्याच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं, आणि परत येईपर्यंत त्याची आरोळी झाली होती. पोलिसाच्या घोड्यानं कान टवकारले. कॅमेरेवाल्यानं फोटो घेतला.

आमदार हुशार माणूस. वारा कुठून आहे ते त्यांनी छत्री न मिटताच ओळखलं. “कायदा येतो आहे,” ते मोठ्यानं म्हणाले. “आणि मी त्याच्या बाजूनं बोलेन.”

“कदी?”

“विचार चालू आहे.”

“दिवाळीच्या आदी चालवा,” रंभाबाई म्हणाली. “माझ्या पोराला दिवाळीचा वायदा दिलाय पाटलानं.”

दिवाळीच्या आधी कायदा झाला नाही. पण फोटो छापून आला, पौडाच्या कचेरीत कुणीतरी तो मामलेदारापुढं ठेवला, आणि हैबतरावाला कामात कसूर म्हणून कुणाचं नाव कळवायला तोंड राहिलं नाही. देवूला बोलावणं गेलं नाही.

मंगळवारी बायका बोरवड्याला परतल्या तेव्हा पाटलाच्या दारात बैलगाड्या उभ्या होत्या. सोयरे आले होते, लुगडी आणि टोप्या घेऊन. साळूबाई पुढच्या ओसरीवर ऐसपैस बसून प्रत्येकाला म्हणत होती, “या, या. म्या मेले. आत जा, हैबत्यानं जेवान ठिवलंय. रडत आली का तशीच आली गं तू?” लवळ्याचा भाचा तर हैबतरावाशी न बोलता गाडी जुंपून निघाला. आतून डाळीचा वास येत होता, आणि हैबतराव एकेका पाहुण्याच्या पाया पडत होता.

हे सगळं बघायला रंभाबाई थांबली नाही. तिनं लवळ्याच्या भाच्यालाच गाठलं. “आमचं मानूस कवा निघालं तिकडनं?”

“खबर देऊन वर वस्तीवर गेला तो. आमच्या येसकराला ताप होता, म्हनून पुढची खबर बी त्यानंच नेली.”

खोटी खबर. शेवटच्या घरापर्यंत.

बुधवारी लवळ्याच्या दोन गड्यांनी कुशाबाला घोंगडीच्या झोळीतून आणलं. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. तो शुद्धीत होता. तिला बघून म्हणाला, “पोचवली बग समदीकडं. आता आपल्या घरात काय येत न्हाई.”

“गप ऱ्हावा,” रंभाबाई म्हणाली. आणखी बरंच तिच्या तोंडाशी आलं होतं. ते तिनं गिळलं आणि ज्या रस्त्यानं कालच आली त्याच रस्त्यानं त्याला पुण्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

कायदा पुढच्या साली मंजूर झाला आणि त्याच्या पुढच्या साली लागू झाला. आमदारांनी सभागृहात ‘माझ्या भागातल्या शूर भगिनी’ असं भाषण केलं आणि नंतर ते गावोगाव पुन्हा केलं. भिवाजीला जिल्हा कमिटीवर घेतलं. कायदा लागू झाला त्या हिवाळ्यात साळूबाई खरंच वारली. खबर न्यायला कुणी आलं नाही, म्हणून हैबतराव स्वतः पौडाच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभा राहिला. लवळ्यात सोयऱ्यांनी त्याला दारातच विचारलं, “नक्की का?” त्यातले निम्मे आलेच नाहीत. सरण रचायला त्याला पगारी गडी सापडला, पण तो ‘दुपारनं येतो’ म्हणाला. हैबतरावाचं नुकसान म्हणायचं तर एवढंच.

ओढ्याकाठचा तुकडा पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायचा तर सरकारात रक्कम भरायची होती. जो दगड इतकी वर्षं राबून आपला केला तोच विकत घ्यायचा. देवूनं जादा पाळ्या करून पैसे जमवले. रंभाबाई कुशाबाला गाडीत घालून पौडाच्या कचेरीत गेली. कुबडीवरून तो पायरी चढेपर्यंत कारकून दुसऱ्याचं काम बघत होता. मग त्यानं मान वर न करता विचारलं, “रक्कम कुणी भरली?”

“पैसं पोरानं भरलं,” रंभाबाई म्हणाली. “पाय ह्यांनी भरला. हैबतराव पाटलाकडनं काय यायचं ऱ्हायलं आसंल तर तुमीच त्यानला बोलवून घ्या. निरोप न्ह्यायला आता तुमाला मानूस मिळायचं न्हाई.”